शमीमला टाळ्या मिळत नसत

एसटी स्टँडसमोर माझी गोष्ट संपली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. शमीमची संपली तेव्हा कुणी हातसुद्धा हलवला नाही.

ती रिंगणात तशीच उभी राहिली, दोन्ही हात बाजूला सोडून, शाळेत प्रार्थनेला उभं राहतात तशी. गाडीची वाट बघणारे लोक एकमेकांकडे बघायचं टाळत होते. मग कोपऱ्यात पेरू विकणारी एक म्हातारी पाटी उघडीच टाकून उठली, रिंगणात आली, शमीमच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

मला टाळ्या मिळाल्या होत्या. मला ती बोटं हवी होती.

त्या वर्षी आमच्या बार्शीत, कॉलेजातली एक मुलगी लग्नानंतर काही महिन्यांतच जळून गेली. ‘स्टोव्हचा भडका’ असं छापून आलं. तिच्या सासरी स्टोव्ह नव्हताच. गॅस होता, आणि शेगडी तिच्या वडिलांनीच लग्नात दिली होती, हे तिच्या वर्गातल्या सगळ्या मुलींना माहीत होतं. आम्ही मोर्चा काढला, निवेदन दिलं, फोटो आले आणि सगळं गप्पगार झालं. तेव्हा समाजशास्त्राच्या मोहोळकर मॅडम म्हणाल्या, “घोषणा कानावरून जाते गं पोरींनो. माणूस गोष्टीला थांबतो.”

त्यातून आमचा गट उभा राहिला. नाव ठेवलं ‘ओटा’. आम्ही सहा मुली गल्लोगल्ली ओट्यांवर जाऊन बसायचो, बायकांशी बोलायचो, आणि ज्या बाईला आपलं काही सांगावंसं वाटेल तिचं ऐकून घ्यायचो. कागद न्यायचा नाही, टेप न्यायचा नाही. ऐकायचं, मनात ठेवायचं आणि मग चौकात डफ वाजवून लोक जमवायचे आणि ती गोष्ट ‘मी’ म्हणून सांगायची. नाव, गल्ली, खुणेची प्रत्येक गोष्ट बदलायची. कुणाची गोष्ट हे आपसातही बोलायचं नाही, हा मॅडमचा सगळ्यात कडक नियम.

गटात माझा आवाज सगळ्यात चांगला. हे मी फुशारकीनं सांगत नाही, तो मला वडिलांकडून आलेला होता. माझे वडील शिवशंकर शेटे नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला होते, पण गाव त्यांना ओळखायचं ते निवेदक म्हणून. जयंती असो, सत्कार असो, लग्न असो की शोकसभा, माइक बाबांच्या हातात. ते ‘उपस्थित बंधू-भगिनींनो’ म्हणाले की मागच्या रांगेतली पोरं गप्प व्हायची. माझं नावही त्यांनी विद्युल्लता ठेवलं होतं, कारण ते माइकवर चांगलं वाटतं. घरी मी विदू. चौथीपासून त्यांनी मला वक्तृत्व स्पर्धांना तयार केलं. समोरच्या खोलीतलं कपाट ढालींनी भरलं होतं आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते उघडून दाखवलं जायचं.

शमीम मणेरकडे यातलं काही नव्हतं. तिची आई दारोदार फिरून बांगड्या भरायची आणि लहानपणापासून शमीम तिच्या मागं पेटी धरून हिंडलेली. बुटकी, सावळी, आवाज बसका. सांगताना हातवारे नाहीत, चढउतार नाहीत. भाजी काय आणलीस विचारल्यावर सांगावं तसं ती नवऱ्यानं डोकं भिंतीवर आपटल्याचं सांगायची, आणि लोक दगड होऊन ऐकायचे.

“त्या पोरीला आवाजच नाही,” बाबा एकदा बघून आल्यावर म्हणाले. “तुझ्यासमोर ती काहीच नाही, विदू.”

मला बरं वाटलं. पण ते बरं वाटणं फार टिकलं नाही, कारण स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, “शमीम केव्हा येणार आहे गं? बांगड्या भरायच्या आहेत.”

हे माझं दुसरं दुखणं. शमीमची आई गुडघ्यांनी बसली तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी शमीमच पेटी घेऊन यायची. माझी आई, महानंदा, मुळात कमी बोलणारी बाई. बाबा घरात असले की बोलणं त्यांचं आणि हुंकार हिचा. ती बालवाडीत शिकवायची, पण ती पोरांशी काय बोलते ते मला कधी कळलं नाही. आणि शमीम आली की ह्याच आईचं हसणं मला समोरच्या खोलीपर्यंत ऐकू यायचं. दोघी मागच्या दारात पायरीवर बसायच्या. आईचा हात शमीमच्या हातात. मी गेले की हसणं थांबायचं असं नाही, पण विषय संपल्यासारखा व्हायचा.

“काय बोलत होतात?” मी विचारायची.

“काही नाही गं. बांगड्यांचं.”

शेंगापोळ्या केल्या की त्यातल्या चार कागदात बांधून शमीमसाठी वेगळ्या निघायच्या. मी त्या मोजत नव्हते, पण बघत होते.

फेब्रुवारीत शमीमनं नवी गोष्ट आणली. महिला दिनाला मंडईसमोरच्या मैदानात मोठा कार्यक्रम ठरला होता. स्टेज, माइक, आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टरनं बायका येणार होत्या. त्याची तालीम मॅडमच्या गच्चीवर चालायची. आम्ही आपापल्या गोष्टी म्हटल्या आणि शेवटी शमीम उभी राहिली.

“माझा नवरा चांगला माणूस आहे, असं सगळे म्हणतात,” तिनं सुरू केलं. “तो पेटी वाजवतो. एकदा घरी पाहुणे होते. तो त्यांना एक किस्सा सांगत होता. त्यात गावाचं नाव चुकलं. मी हसून दुरुस्त केलं. पाहुणेही हसले. तोही हसला. पाहुणे गेल्यावर त्यानं कपबश्या आत आणून ठेवल्या, तो मदत करतो कामात. मग म्हणाला, जरा इकडं ये. जिन्यापाशी गेले. त्यानं मला ढकललं. पाय मोडला. दवाखान्यात त्यानंच नेलं. डॉक्टरांना सांगितलं, जिना ओला होता, हिच्या हातात पातेलं होतं, ही घाईत होती. इतकं नीट सांगितलं की मलाही पातेलं दिसायला लागलं. डॉक्टर मला रागावले, एवढी घाई कशाला करता बाई. मी म्हणाले, चुकलं माझं.”

एवढंच. ती खाली बसली. मॅडमनी चष्मा काढून पुसला. आमच्यातली सगळ्यात दांडगट होती ती कमल, तिनं डफ बाजूला ठेवून दिला.

मला त्या गोष्टीची हाव सुटली. दुसरा शब्द नाही. ‘मी म्हणाले, चुकलं माझं.’ हे वाक्य मला माझ्या तोंडात हवं होतं. ते मी कसं म्हणेन, कुठं आवाज खाली आणेन, मैदानावर कशी शांतता पसरेल, हे मला तिथं गच्चीवर बसल्या बसल्या ऐकू येत होतं. आणि ती पेरूवाली म्हातारी, ती माझ्याकडे येत होती.

“मॅडम,” मी म्हणाले, “मैदान मोठं आहे. शमीमचा आवाज मागं पोचणार नाही.”

“माइक आहे की,” कमल म्हणाली.

“माइक जवळ धरला तरी आवाजाला वजन लागतं. ही गोष्ट शेवटी आहे. ही पडली तर सगळा कार्यक्रम पडेल. मी म्हणते ही. शमीमनं माझी घ्यावी.”

मी खोटं काही बोलत नव्हते. आवाज पोचणार नव्हताच. मॅडमनी शमीमकडे पाहिलं.

“ही नको,” शमीम म्हणाली. “विदू, दुसरी कुठलीबी घे. माझ्याजवळ अजून आहेत. ही नको.”

“का? तुझी खासगी आहे का?”

“तसं नव्हे.”

“मग कसं? गोष्ट बाईची असते, सांगणारीची नसते, असं ठरलंय ना आपलं?”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, सापडली. इतकी साधी म्हणून मिरवते आणि चांगली गोष्ट हातातून सुटायची वेळ आली की जीव जातो.

“मॅडम, विदूला देऊ नका,” ती म्हणाली. “कमलला द्या पाहिजे तर.”

हे तर मला चाबकासारखं लागलं. कमलला चालेल, मला नाही!

मॅडमनी दोन दिवस घेतले आणि गोष्ट मला दिली. कारण तेच, मैदान आणि आवाज. दुसऱ्या दिवशी शमीम पेटी न घेताच आमच्या घरी आली, सरळ मागच्या दारानं. मी आतून पाहिलं. ती आईशी हलक्या आवाजात काहीतरी बोलत होती, आई भिंतीला टेकून ऐकत होती. मग आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“माझी चुगली करायला आली होती वाटतं?” ती गेल्यावर मी विचारलं.

“नाही,” आई म्हणाली. मग म्हणाली, “तूच म्हणणार आहेस का ती गोष्ट?”

“हो. का? तिलाच म्हणू द्यावी असं सांगायला आली होती ना? आणि तुला ते पटलं?”

“मी काही म्हणाले नाही,” आई म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

रविवारी दुपारी बाबांनी माझी तयारी घ्यायला सुरुवात केली. मी गोष्ट म्हणून दाखवली. ते आरामखुर्चीत मागं रेलून, डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले, तर ते ओलसर होते. बाबा चांगल्या वाक्याला नेहमीच हलायचे.

“सुंदर,” ते म्हणाले. “पण तू घाई करतेस. ऐक. ‘हिच्या हातात पातेलं होतं’, इथं थांब. एक श्वास घे. लोकांना ते पातेलं दिसू दे. मग आवाज खाली आण आणि म्हण, ‘ही घाईत होती.’ दोष देताना आवाज कधी चढवायचा नाही. हळहळल्यासारखं म्हणायचं. मग तो खरा वाटतो.”

मी म्हटलं. त्यांनी पुन्हा थांबवलं. स्वतः म्हणून दाखवलं. “‘हिच्या हातात पातेलं होतं...’” त्यांनी श्वास घेतला. छाती किंचित वर आली, मान एका बाजूला कलली. “‘...ही घाईत होती.’ कळलं?”

कळलं होतं. माझ्या अंगावर काटा आला होता. आपले वडील किती मोठे कलावंत आहेत, असं मनात येऊन गेलं.

आई चहा घेऊन आली होती. ती कप ठेवून जायची नेहमी. आज दारातच उभी राहिली.

“जिन्यापासून पुन्हा घे,” बाबा म्हणाले.

“जिन्यापाशी गेले,” मी सुरू केलं. “त्यानं मला...”

“जिना नव्हता,” आई म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

“मोरी होती,” आई म्हणाली. तिचा आवाज तिच्या नेहमीच्याच पट्टीत होता. “आणि ढकललं नाही. पिळला. हात. पातेलं नव्हतं, कळशी होती. तीही आधी नव्हती. दवाखान्यात आली.”

माझ्या आईचा डावा हात मनगटातून पुरता वळत नाही. ती तळहात वर करून पैसे घेऊ शकत नाही, उजवाच पुढं करते. मोरीत घसरून पडली होती ती, मी लहान असताना. हे मला कुणी सांगितलं होतं ते त्या क्षणापर्यंत मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

बाबा हसले. अगदी मोकळं, प्रेमळ हसले.

“अगं, हे नाटक आहे यांचं. तू कुठं आपलं मोरीतलं घेऊन बसलीस?” मग ते माझ्याकडे वळले. “तुला आठवणार नाही विदू, तू दोन-अडीच वर्षांची असशील. मोरीत शेवाळ धरलं होतं. मी हिला दहा वेळा सांगितलं होतं, आधी घासून घे. हिच्या हातात भरलेली कळशी होती...”

आणि त्यांनी श्वास घेतला. छाती किंचित वर आली, मान एका बाजूला कलली.

“...ही घाईत होती.”

बाबांचं तोंड अर्धवट उघडंच राहिलं होतं. त्यांना स्वतःलाही ऐकू आलं असावं.

“छान सांगता तुम्ही,” आई म्हणाली आणि आत गेली.

थोड्या वेळानं बाबांनी चपला घातल्या आणि पान खायला बाहेर पडले. चहाचे दोन्ही कप तसेच राहिले.

मला वडिलांचा राग यायला हवा होता. तो आला, नंतर, आणि पुष्कळ वर्षं पुरला. पण त्या दुपारी मी स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि माझ्या तोंडून जे पहिलं बाहेर पडलं ते असं होतं:

“तिला सांगितलंस. मला नाही सांगितलंस.”

आई ओट्याशी उभी होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

“वीस वर्षं मी ह्या घरात आहे, आई. तुझ्याजवळ झोपले आहे. आणि तू एका बांगड्या भरणाऱ्या पोरीला...”

“तिनं विचारलं नव्हतं,” आई म्हणाली. “बांगडी चढवताना हात वळेना. तिची आई दरवेळी विचारायची, काय झालं होतं हो ताई? मी सांगायची, पडले. हिनं नाही विचारलं. नुसता हात धरून बसली. बांगडी तशीच हातात. किती वेळ बसली बाई. मग मीच बोलले.”

“मीही बसले असते!”

आता आई वळली.

“तू नसतीस बसली, विदू. तू बोलली असतीस. मी एक वाक्य सांगितलं असतं आणि तू मला ते जास्त चांगलं करून दिलं असतंस. तुझ्या तोंडून ऐकलं की मला...” ती अडली. “तुझा आवाज त्यांचा आहे गं. तू चांगली पोर आहेस, त्यात तुझं काही नाही. पण मला तो आवाज ऐकला की वाटतं, कळशी असेल हातात. पडलेच असेन मी.”

मी खाली बसले. रडले नाही. मला शमीमच्या त्या बसक्या, सपाट, कुणाचाच नसलेल्या आवाजाचा हेवा वाटला.

“मग आता कोण म्हणणार?” मी विचारलं. वाटत होतं, निदान आता तरी ती म्हणेल, तू म्हण. तुझीच आई आहे मी.

“शमीमलाच म्हणू दे,” आई म्हणाली. “आणि तिला सांग, जिना काढून टाक. जसं झालं तसं म्हण.”

शमीमचं घर मशिदीच्या मागच्या बोळात. ती दारात बसून लाखेच्या बांगड्या रंगांप्रमाणे लावत होती. मला बघितल्यावर तिला सगळं कळलं.

“तुला माहीत होतं,” मी म्हणाले.

“काकूंनी शपथ घातली होती. मी काय करणार होते, विदू? तुला सांगता येईना, तुला म्हणू द्यायला जीव होईना. तू भर मैदानात म्हणशील, आणि काकू समोर बसलेल्या, आणि माइकवर तुझेच...” तिनं वाक्य सोडून दिलं.

“तू हावरट आहेस असं मला वाटलं होतं.”

“माहीत आहे.”

“अजून तुझा राग येतोय मला.”

“येऊ दे की,” ती म्हणाली आणि सरकून पायरीवर मला जागा केली. मी बसले नाही. आईचा निरोप सांगितला आणि परत फिरले. बोळाच्या टोकापर्यंत तिची नजर पाठीवर होती.

कार्यक्रमाचं निवेदन बाबांकडेच होतं. ते महिनाभर आधी ठरलं होतं. मला वाटलं, ते काहीतरी कारण काढतील, घसा बसला म्हणतील. पण त्यांनी कडक इस्त्रीचा झब्बा घातला आणि आमच्या आधी निघाले. जाताना आईला म्हणाले, “येताना शाल घे. मैदानात वारं असतं.” माइक आपल्या हातात असला की काही बिघडत नाही, अशी त्यांची आयुष्यभराची समजूत होती.

मैदान बायकांनी भरलं होतं. आई पहिल्या काही रांगांत, बालवाडीच्या सेविकांबरोबर बसली होती. बाबांनी आमची ओळख करून दिली, नेहमीसारखीच देखणी. मी माझी ठरलेली गोष्ट म्हटली. टाळ्या पडल्या. त्या कशा पडल्या ते मला आठवत नाही. मग मी स्टेजच्या कडेला डफ घेऊन उभी राहिले आणि शमीम माइकसमोर आली.

“माझा नवरा चांगला माणूस आहे, असं सगळे म्हणतात,” ती म्हणाली. “तो फार छान बोलतो.”

पेटी गेली होती. जिना गेला होता. मोरी आली, हात आला, कळशी आली. ती सांगत होती आणि मी आईकडे बघत होते. आई तिच्याकडे अशी बघत होती, जशी माणसं आरशात बघतात, केस नीट आहेत का, पदर नीट आहे का. त्या नजरेसाठी मी माझ्या सगळ्या ढाली विहिरीत टाकल्या असत्या. स्टेजच्या दुसऱ्या टोकाला बाबा निवेदनाचे कागद हातात धरून उभे होते आणि चेहऱ्यावर ऐकणाऱ्याचं सौम्य हसू होतं. ते हसू शेवटपर्यंत तसंच राहिलं.

“मी म्हणाले, चुकलं माझं,” शमीम म्हणाली आणि मागं सरली.

कुणी टाळी वाजवली नाही. ट्रॅक्टरनं आलेल्या बायकांत एकीनं पदर तोंडात धरला. ती शांतता लांबत गेली, आणि बाबांना शांतता कधी सोसली नाही. ते पुढं आले.

“अंतःकरण हेलावून टाकणारं सादरीकरण,” त्यांचा आवाज मैदानभर मऊ पसरला. “अर्थात भगिनींनो, ही कलाकृती आहे, काल्पनिक आहे. आपल्या बार्शीच्या सुसंस्कृत मातीत असे प्रकार...”

“काल्पनिक नाही हो.”

आई उभी राहिली होती. तिच्याकडे माइक नव्हता आणि तिचा आवाज मोठा नव्हता, पण मैदान इतकं गप्प होतं की मागच्या रांगेनंही मान वळवली.

“काल्पनिक नाही,” ती पुन्हा म्हणाली. “माझी आहे. तिनं बरोबर सांगितली.”

आणि ती बसली. शेजारच्या सेविकेनं तिचा हात धरला, मग पलीकडच्या बाईनं दुसरा. बाबांच्या हातात माइक होता. ते त्यात श्वास घेत होते, तो श्वास कर्ण्यांतून सगळ्या मैदानाला ऐकू येत होता, आणि त्याच्यापुढं एकही शब्द येत नव्हता. शेवटी मॅडमनी जाऊन त्यांच्या हातातून माइक काढून घेतला.

कार्यक्रम उरकल्यावर मी धावत खाली गेले. बायकांची गर्दी आईभोवती होती. मी त्यातून वाट काढत पोचले तेव्हा आईनं शमीमला छातीशी घेतलं होतं. मी तिथंच उभी राहिले. आईनं मला पाहिलं, हात पुढं केला, मलाही ओढून घेतलं. पण दुसरी. आधी ती, मग मी.

पुढं काय झालं ते लोक विचारतात. फार नाट्यमय काही झालं नाही. बाबांची बोलावणी थोडी कमी झाली, बंद झाली नाहीत. घरात मात्र ते बोलेनासे झाले. दुसऱ्या वर्षी आईनं बालवाडीच्या मागं एक खोली घेतली आणि मी तिच्याबरोबर गेले. सामानाचा हातगाडा बाबा स्वतः सोडायला आले आणि वाटेत भेटेल त्याला सांगत होते, “हिला शाळा जवळ पडते इथून.” आई बाजूनं चालत होती. तिनं ते मात्र दुरुस्त केलं नाही. म्हणाली, “जाऊ दे. एवढं राहू दे त्यांना.”

मी चौकात गोष्टी सांगणं सोडलं नाही, पण बरीच वर्षं मी नुसता डफ वाजवला. शमीम आता सोलापुरात असते, बायकांसाठी एक केंद्र चालवते, तिच्या हाताखाली पुष्कळ मुली तयार झाल्या आहेत. वर्षातून दोनदा येते. आली की दोघी आत जाऊन बसतात, आणि अजूनही मी चहा घेऊन गेले की विषय संपल्यासारखा होतो. मला अजूनही ते आवडत नाही.

गेल्या हिवाळ्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका दुपारी ती डोळ्यावर पट्टी बांधून पलंगावर पडली होती आणि मी खाली बसून मटार सोलत होते. रेडिओ बंद होता. मध्येच तिनं हात लांब केला, डावा, आणि माझ्या खांद्यावर ठेवला. मी मटार सोलायचं थांबवलं. मला काहीतरी विचारायचं होतं. मी विचारलं नाही.

बराच वेळ गेला. मग ती बोलायला लागली. लग्नाच्या आधीची गोष्ट होती, तिच्या माहेरची. हळू हळू, मागं पुढं होत, तिनं ती सांगितली. मी एकदाही हुंकार दिला नाही.

संपल्यावर ती म्हणाली, “हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.”

मी गप्प राहिले, पण गप्प राहणं फार कठीण गेलं. तिला ते कळलं असावं. पट्टीखाली तिचं तोंड हसलं.

“शमीमलाही नाही,” ती म्हणाली.

संक्रांतीला शमीम आली. बोलता बोलता म्हणाली, काकूंनी एवढ्यात काही नवं सांगितलं का गं? मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाले, “काही नाही. असंच बांगड्यांचं.”